डिलक्स रिव्हर्बची जन्मतारीख

फेंडर कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर १९६३मध्ये आला. जेमतेम २२ वॅटचा, १२ इंची एकच स्पीकर असलेला आणि व्हॉल्व्हवर चालणारा. बटणांची त्याची काळी पट्टी १९६७च्या सुमारास चंदेरी झाली. सुरुवातीच्या चंदेरी अ‍ॅम्पमध्ये आतले सर्किट बहुतांशी जुनेच होते. तरीही आज काळ्या पट्टीच्या अ‍ॅम्पला बराच जास्त भाव मिळतो. कारण विचारले की सीबीएसचे नाव पुढे येते. लिओ फेंडर यांनी जानेवारी १९६५मध्ये आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली आणि तेव्हापासून माल घसरला, अशी बाजाराची धारणा आहे. गंमत म्हणजे १९६५ ते १९६७मधले काळ्या पट्टीचे अ‍ॅम्पही सीबीएसच्याच अमलातले. डोळे मिटून हा फरक कुणाला ओळखता येईल, असे मला तरी वाटत नाही.

म्हणूनच जाणकार आधी मागची फळी उघडतो. वाजवून बघणे नंतर. पेटीच्या आत व्हॉल्व्हच्या जागा दाखवणारा कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिले अक्षर वर्षाचे, ‘ए’ म्हणजे १९५१, दुसरे महिन्याचे. ‘ओई’ असेल तर मे १९६५. पण कागद बदलता येतो, तेव्हा पुढची साक्ष सुट्या भागांची. अमेरिकन कारखाने आपल्या मालावर ठरावीक आकडे छापत. ट्रान्सफॉर्मरवरचे ६०६ म्हणजे शूमाकर, स्पीकरवरचे ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, २२० म्हणजे जेन्सन. त्यापुढे वर्षाचा शेवटचा अंक आणि आठवडा. ‘६०६-५-१८’ हा ट्रान्सफॉर्मर १९६५च्या अठराव्या आठवड्यातला. पाच हा अंक १९५५चाही असू शकला असता, पण तेव्हा हे मॉडेलच नव्हते.

खरी मेख या तारखा एकमेकींशी ताडून पाहण्यात आहे. सर्वांत उशिराचा मूळ भाग ज्या आठवड्यातला, त्याआधी अ‍ॅम्प तयार झालेला असणे शक्य नाही. सगळे १९६५चे आणि आवाजाचे एकच बटण १९७२चे निघाले, तर ते कुणीतरी नंतर बसवले हे उघड. मग नजर सोल्डरच्या सांध्यांवर जाते. तिथे पुन्हा सोल्डरिंग झाले असेल, तर सराईत डोळ्याला ते कळते.

मात्र प्रत्येक बदल भाव पाडत नाही आणि इथे रसायनशास्त्र मधे येते. वीजपुरवठा सपाट करणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो आणि त्याला भिडून ओलसर इलेक्ट्रोलाइट. वीस-तीस वर्षांत हा ओलावा उडतो, धारिता घटते, आतला रोध वाढतो आणि स्पीकरमधून घुमघुम ऐकू येऊ लागते. म्हणजे हा भाग मरणारच होता. तो बदलला म्हणून शहाणे गिऱ्हाईक पैसे कापत नाही, उलट खूश होते. व्हॉल्व्हचेही तसेच. दोन पिनांच्या वायरीऐवजी अर्थिंगची तीन पिनांची वायर घातली, तरी कुणी फारसे नाक मुरडत नाही. जुन्या रचनेत मेनलाइन आणि चॅसिस यांच्यामध्ये एक कपॅसिटर असे. तो शॉर्ट झाला तर चॅसिसमध्ये आणि पर्यायाने गिटारच्या तारांत करंट उतरू शकतो. दुरुस्तीवाले त्याला ‘डेथ कॅप’च म्हणतात.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे गणित वेगळे. तांब्याची तार आणि लोखंडी पत्रे. जाळले नाहीत तर अर्धशतक सहज टिकतात. ते बदललेले असतील तर भाव घसरतो. स्पीकरला नवा कागदी कोन बसवला तरी थोडाफार घसरतोच. पेटीचे काळे रेक्झिन नवे लावले, तर सुरात कणाचाही फरक पडत नाही. तरी किंमत बरीच उतरते. हा मला भाबडेपणा वाटतो, पण बाजार तसाच चालतो. फेंडरने १९९३मध्ये याच मॉडेलची नवी आवृत्ती काढली, छापील सर्किट बोर्डवर. ज्याला फक्त तो सूर हवा आहे, त्याचे तिच्यावर भागते. म्हणूनच जुन्याचे जास्तीचे पैसे मला सुरापेक्षा पुराव्याचे वाटतात. शहाणा मालक काढलेले जुने भाग पिशवीत जपून विक्रीच्या वेळी अ‍ॅम्पसोबत देतो, ते याचसाठी.

माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेला अ‍ॅम्प विकणारा ‘चालू करून दाखवू का?’ म्हणाला, तर लगेच हो म्हणू नये. नुसते पडून राहिल्यानेही ऑक्साइडचा थर खंगतो. अशा कपॅसिटरवर एकदम ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब आला, तर तो तापतो, फुटतो आणि कधीकधी पॉवर ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कपॅसिटर बदलले आहेत का, हे आधी विचारावे. नसतील तर व्हेरिअ‍ॅकने व्होल्टेज हळूहळू चढवणारा माहीतगार गाठावा. आणि प्लग काढलेला असला, तरी आत बोट घालू नये. चार्ज शिल्लक असू शकतो.