कोपराने खणलं तर?

दोस्तांनो, खरं सांगा, हे वाचताना तुम्ही जमिनीवर पालथे पडला आहात ना? पाय वर हवेत आणि सगळा भार दोन कोपरांवर? मग आधी त्या बिचाऱ्यांची चौकशी करू या.

‘मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. कुणी चांगुलपणाने वागत असेल, तर त्याचा जास्त फायदा उठवू नये, असा तिचा अर्थ. पण समजा, कुणी खरंच कोपराने खणायला बसलं तर?

हात सरळ करा आणि कोपराच्या टोकावरची कातडी चिमटीत धरून हलवा. कशी मस्त सरकते! तिच्याखाली एक चपटी, पातळ पिशवी असते. कातडी आणि हाड एकमेकांवर घासू नयेत, हे तिचं काम. तिच्या आतलं अस्तर थोडासा बुळबुळीत द्रव तयार करतं. कोपराच्या सांध्यात दंडाचं एक आणि पुढच्या हाताची दोन, अशी तीन हाडं भेटतात. त्या सांध्यालाही आतून असंच अस्तर आणि असंच वंगण असतं.

ही पिशवी सारखी दाबली गेली की अस्तर चिडतं, द्रव वाढतो आणि कोपरामागे लिंबाएवढा फुगा येतो. बुटक्या बोगद्यांत कोपरांवर सरकत खणणाऱ्या खाणकामगारांना हा त्रास व्हायचा. म्हणजे कोपराने खणणारी माणसं खरोखरच होती की! टेबलावर कोपरं टेकून तासन्‌तास वाचणाऱ्यांनाही तो होतो, म्हणून इंग्रजीत त्याला ‘विद्यार्थ्याचं कोपर’ असंही नाव आहे. कोपर टेकवणं थांबवलं, की सूज बहुतेक वेळा हळूहळू उतरते. पण कोपर लालभडक, गरम झालं किंवा ताप आला, तर आत जंतू शिरलेले असू शकतात. मग लगेच डॉक्टरांकडेच जायचं.

आता दुसरा प्रयोग. हात टेबलावर पालथा ठेवा. दुसऱ्या हाताची बोटं कोपराच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली ठेवा. आता फक्त पंजा वर उचला. बोटांखाली काहीतरी टणक झालं ना? गंमत बघा, हलला पंजा आणि जोर लावला कोपराजवळच्या स्नायूने! हा स्नायू दोरीसारख्या चिवट कंडरेने दंडाच्या हाडाला बांधलेला असतो. तोच झटका पुन्हा पुन्हा बसला की दोरीचे बारीक धागे विसविशीत होतात. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून दुरुस्ती सावकाश चालते. हेच ‘टेनिस एल्बो’. नाव टेनिसचं असलं, तरी तो होणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट हातातही धरलेली नसते. पान्याने नट आवळणारे, रंग देणारे, रोज कपडे पिळणारे, असे कितीतरी जण त्यात असतात.

सचिन तेंडुलकरलाही 2004 मध्ये याने गाठलं. डाव्या कोपरामुळे त्याचे सामने हुकले आणि मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत त्याने पस्तिसावं कसोटी शतक ठोकून सुनील गावसकर यांचा 34 शतकांचा विक्रम मागे टाकला!

शस्त्रक्रियेची वेळ मात्र फार थोड्यांवर येते. दुखवणारं काम कमी करायचं आणि शिकवल्याप्रमाणे हलका व्यायाम करत दोरीला पुन्हा ताकद द्यायची. बरं व्हायला काही महिने लागतात, म्हणून धीर हवा. आणि तुम्ही गोलंदाजी करत असाल, तर कोपर दुखताना ‘अजून एकच ओव्हर’ म्हणू नका. वाढत्या वयात हाडंही कोवळी असतात. सरांना सांगून टाका.

घरात कुणी ‘कोपर ठणकतंय’ म्हणालं, तर एक काम तुमचं. ओली चादर पिळायची असेल, तेव्हा दुसरं टोक तुम्ही धरा. पण त्याआधी उठून बसा बघू. तुमची कोपरं अजून जमिनीवरच आहेत!