तबकडी ऐकल्यावर काय बोलावें?

गाणें ऐकणें ही एक विद्या आहे आणि ऐकलेल्या गाण्याविषयीं चारचौघांत बोलणें ही दुसरी. पहिलीचा अभ्यास आपल्या घराघरांतून थोडाफार होत असतो. दुसरीकडे मात्र कोणी फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. रात्रीं जेवणें उरकलीं, माजघरांत मंडळी जमली आणि कोणीं एखादी जुनी ध्वनिमुद्रिका लाविली, म्हणजे ती संपतांच जे उद्गार निघतात ते बहुधा तीनच प्रकारचे असतात. "वाहवा, काय आवाज आहे!" हा पहिला; "आतां असें गाणें राहिलें नाहीं" हा दुसरा; आणि "आमच्या बुवांची सर याला यावयाची नाहीं" हा तिसरा. या तिहींपैकीं एकानेंहि ऐकलेल्या गाण्याविषयीं कांहीं कळत नाहीं. कळतें तें बोलणाराविषयीं. म्हणून तबकडी ऐकल्यावर आपला अभिप्राय एकमेकांस कसा सांगावा, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

श्रोत्याच्या अभिप्रायास इतकें महत्त्व कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून दोन नांवें पुरेशीं आहेत. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं. दोघांच्याहि गाण्यानें महाराष्ट्रांतील पिढ्यांचे कान घडले. परंतु दोघांपैकीं एकाचाहि आवाज आज आपणांस ऐकावयास उपलब्ध नाहीं. भास्करबुवा कसे गात याची जी कांहीं कल्पना आपणांस आज करतां येते ती त्यांच्या शिष्यशाखेवरून, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या जाणत्या श्रोत्यानें 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) या ग्रंथांत जें लिहून ठेविलें त्यावरून. टेंबे यांनीं नुसतें "वाहवा" म्हणून सोडून दिलें असतें तर आपल्या हातीं काय लागलें असतें? तात्पर्य, श्रोता हा साक्षीदार आहे. साक्षीदारानें आपण काय ऐकलें तें नीट सांगावें. निकाल देण्याची घाई त्यानें करूं नये.

आतां ज्या वस्तूविषयीं साक्ष द्यावयाची ती वस्तु प्रथम ओळखली पाहिजे. आपल्या देशांत ग्रामोफोन कंपनीचें ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास सुरू झालें. तें करावयास आलेल्या फ्रेड गायस्बर्ग यांनीं ज्यांचीं गाणीं टिपलीं त्यांत सुप्रसिद्ध गायिका गोहरजान ही होती. गाणें संपतां संपतां ती इंग्रजींत आपलें नांव उच्चारते, हें तिच्या तबकड्या ऐकणारांस ठाऊक आहे. त्या काळीं तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें तयार होत. गाणें कोणाचें हें तेथील कारागिरांस कळावें म्हणून ही युक्ति, असें सांगतात. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यांतच सियालदा येथें कारखाना निघाला. तबकडीचा एक मुख्य घटक म्हणजे लाख, आणि लाख तर आपल्याच जंगलांतली. म्हणजे यंत्र परदेशचें खरें, पण लाख आणि गळा हीं दोन्हीं इकडचीं!

विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण करण्याची रीत १९२५ च्या सुमारास प्रचारांत आली. तत्पूर्वीं गवयास एका मोठ्या कर्ण्यासमोर उभें राहून किंवा बसून गावें लागे, आणि त्या कर्ण्यांत जेवढा नाद शिरेल तेवढाच उमटे. तंबोऱ्याचा झंकार, डग्ग्याचा घुमारा, हलकेच घेतलेली मींड, यांपैकीं पुष्कळ भाग वाटेंतच नाहींसा होई. तेव्हां अशा तबकडींत तंबोरा ऐकूं येत नाहीं म्हणून गवयास तंबोऱ्याची पर्वा नव्हती असा तर्क करणें, म्हणजे जुन्या छायाचित्रांत रंग नाहींत म्हणून आपल्या आज्या पांढरीं-काळींच लुगडीं नेसत होत्या असें म्हणण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. मिनिटास ७८ फेरे हा वेग पुढें सर्वमान्य झाला. आरंभींच्या काळांत तो सर्वत्र एकच नव्हता. ७२ फेऱ्यांनीं मुद्रित केलेली तबकडी ७८ फेऱ्यांनीं फिरविली तर काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी दोनच्याहि वर गेलेला ऐकूं येतो. त्याचा आवाज बारीक होतो, तान अधिक चपळ होते आणि ठेकाहि धांवूं लागतो. आज याच तबकड्यांच्या नकला मोबाइलवर सहज मिळतात. पण नकल करणारानें कोणता वेग धरला होता हें तेथें क्वचितच लिहिलेलें असतें. यास्तव "यांचा आवाज किती पातळ!" असें म्हणण्यापूर्वीं त्याच गायकाच्या आणखी दोन तबकड्या ऐकाव्या, आणि मग बोलावें. मनुष्याच्या कीर्तीस सहा फेऱ्यांचा फरकहि बाधूं शकतो.

तिसरी गोष्ट वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. मैफलींत जो ख्याल तासभर रंगावयाचा तो येथें मावणार कसा? म्हणून कोणीं द्रुत चीज निवडली, कोणीं ठुमरी, कोणीं भैरवी. "राग मुळीं फुलविलाच नाहीं" ही तक्रार येथें अस्थानीं आहे. तीन मिनिटें पदरीं असतां या गुणी मनुष्यानें काय ठेविलें आणि काय टाकिलें, हा खरा प्रश्न होय. पोस्टकार्डावर लिहिणारास "महाकाव्य कां लिहिलें नाहीं?" असें आपण विचारीत नाहीं, एवढ्या जागेंत त्यानें कामाचें काय सांगितलें तें पाहतों.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर बोलावें कोणीं? आमच्या मतें सर्वांनीं. पुष्कळ घरांतून असा समज आढळतो कीं, ज्यानें पेटी किंवा तबला शिकला त्यानेंच गाण्यावर बोलावें आणि इतरांनीं माना डोलवाव्या. भरतमुनींचें मत असें नव्हतें. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायांत प्रयोगाचे परीक्षक सांगितले आहेत, त्यांत याज्ञिक आहे, नर्तक आहे, छंदःशास्त्र जाणणारा आहे, वैयाकरण आहे. राजा, धनुर्धारी, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक हेहि आहेत. प्रत्येकानें आपापल्या प्रांतांतली परीक्षा करावी. धनुर्धाऱ्यानें उभें राहण्याची ठेवण पाहावी, वैयाकरणानें शब्द पाहावे, गायकानें स्वर व ताल पाहावे. सर्व गुण एकाच प्रेक्षकाच्या ठायीं सांपडणें कठीण, आणि तरुणांस एक आवडतें तर वृद्धांस दुसरें, हेंहि मुनि तेथेंच सांगतात. आम्हांस वाटतें, परीक्षकांचें हें मंडळ आपल्या एकत्र कुटुंबासारखेंच आहे. तबला शिकणाऱ्या मुलानें समेकडे लक्ष द्यावें. संस्कृत जाणणाऱ्या वडिलांनीं शब्दोच्चार पाहावा. जिनें आयुष्यभर ओव्या म्हटल्या त्या आजीनें भाव खरा कीं खोटा तें सांगावें. मात्र आजीनें समेचा निकाल देऊं नये आणि नातवानें भावाचा देऊं नये.

याचें एक उदाहरण आमच्या घरचेंच आहे. रविवारीं सायंकाळीं आमच्याकडे दहा-बारा मंडळी जमतात. एकदां अब्दुल करीमखांसाहेबांची झिंझोटीची ठुमरी लाविली होती. खांसाहेब मूळचे उत्तरेंतील कैराण्याचे. पण मिरजेस राहून ते आपलेच झाले आणि १९३७ सालीं वारल्यावर मिरजेच्याच मातींत विसांवले. आमच्या वडील बंधूंचे कान ग्वाल्हेरच्या ठसठशीत गाण्यावर पोसलेले. तबकडी संपतांच ते म्हणाले, "हें गाणें नव्हे, रडणें आहे." आमचे मेव्हणे किराण्याचे अभिमानी, ते ताडकन् उठूनच बसले. वाद घराण्यांवर गेला, घराण्यांवरून गुरूंवर गेला, आणि आतां आवाज चढणार तोंच आमची पुतणी म्हणाली, "काका, मला रागांतलें कांहीं कळत नाहीं, पण एक विचारूं का? हे स्वर सोडतांना तोडीत नाहींत, विझूं देतात. तुम्हांला त्यामुळेंच रडल्यासारखें वाटलें का?"

सगळे क्षणभर स्तब्ध झाले. तबकडी पुनः लाविली. या खेपेस सर्वांचें लक्ष एकाच गोष्टीकडे, स्वर कसा संपतो याकडे, होतें. शेवटीं बंधु म्हणाले, "पोर म्हणते तें खरें. तोडीत नाहींत. मला तोडलेला स्वर आवडतो, हा माझा स्वभाव. पण रडणें हा शब्द मी मागें घेतों." त्यांची आवड बदलली नाहीं आणि बदलण्याची गरजहि नव्हती. बदलला तो शब्द. आणि शब्द बदलतांच मेव्हण्यांचाहि राग गेला. मैफलींतला वाद स्मरणावर चालतो, म्हणून तो मिटत नाहीं. तबकडी पुनः पुनः साक्ष देते, हा तिचा मोठा गुण आहे. पण त्या साक्षीस विचारण्याजोगा प्रश्न कोणींतरी काढावा लागतो, आणि तो पुष्कळदां घरांतल्या सर्वांत मुक्या श्रोत्याजवळ असतो.

तुलना करावयाची तर ती सारख्याची करावी. खांसाहेबांची झिंझोटी आणि दुसऱ्या कोणाचा मालकंस यांची तुलना व्यर्थ आहे. पण खांसाहेबांची भैरवी आणि सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी एकामागून एक लावून पाहावी. एकींत स्वर सुतासारखा बारीक होत होत जातो. दुसरींत खुल्या आकारानें आणि दीर्घ दमानें तो भरलेला राहतो. अधिक गोड कोणती हें विचारण्यापूर्वीं, एकाच भैरवींतून हीं दोन निरनिराळीं मनें कशीं प्रगट झालीं हें पाहण्यांत खरा आनंद आहे. गोव्यांतील केरी गांवच्या या अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्येची ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं 'व्हॉयेजर' या अंतराळयानांबरोबर पाठविलेल्या सोनेरी तबकडींत निवडली गेली आणि ती सूर्यमालेच्या पलीकडे चालली आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत केसरबाई निवर्तल्या.

एक सावधगिरीचीहि सूचना केली पाहिजे. तीच तबकडी शंभरदां ऐकली कीं तेंच त्या गायकाचें सगळें गाणें असें वाटूं लागतें. तीन मिनिटांची खिडकी म्हणजे सगळें घर नव्हे. पुढें दीर्घ वेळाच्या तबकड्या निघाल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली. अमीरखांसाहेबांच्या प्रसिद्ध तबकडीच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. तेथें आलाप पायरीपायरीनें चढतांना ऐकावयास मिळतो. अशी तबकडी चालूं असतां मध्येंच बोलूं नये. अभिप्राय तोंडांत धरून ठेवणें हाहि श्रवणाचाच भाग आहे.

आज मोठ्या मैफलीसुद्धां खिशांत मावतात, आणि घरांतील प्रत्येक जण आपापल्या कानांत यंत्र घालून निराळें गाणें ऐकत बसतो. गाणें पूर्वींपेक्षां अधिक ऐकलें जातें. पण काकांस पुतणीचा प्रश्न ऐकूं येण्याचा प्रसंग मात्र दुर्मिळ होत चालला आहे. आमची वाचकांस एवढीच विनंती आहे कीं, आठवड्यांतून एक सायंकाळ एकच तबकडी सर्वांनीं मिळून ऐकावी, दोनदां ऐकावी, आणि एक साधी वही जवळ ठेवावी. तींत तारीख, गायकाचें नांव, राग आणि प्रत्येकानें सांगितलेली एक एक गोष्ट लिहावी. मात्र ती गोष्ट तबकडींत पुनः ऐकून दाखवितां येईल अशी असावी. पांच वर्षांनीं ती वही उघडली म्हणजे आपले कान कोठून कोठें आले हें दिसेल; आणि पुढच्या पिढीस आपण काय ऐकत होतों हें विचारावयास आपल्यापैकीं कोणी उरला नाहीं, तरी साक्ष उरेल.