केसगळती: उपचाराआधी कारण शोधणे महत्त्वाचे

महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात एक विचित्र संकट उद्भवले. बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील लोकांच्या टाळूला आधी खाज सुटू लागली, मग केस मुठीत येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडले. १८ गावांतील २७९ जणांना याची बाधा झाली. त्यांत तरुण मुलीही होत्या. अनेकांचे शिक्षण खंडित झाले, ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्याही आल्या.

प्रारंभी शांपूवर, नंतर पाण्यावर संशय घेतला गेला. पाण्यात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळले, बुरशीजन्य संसर्गाचीही चर्चा झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके गावांत दाखल झाली. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तेथे जाऊन तपासणी केली. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले, तर जस्ताचे घटलेले असल्याचे त्यांना आढळले. पंजाबातून आलेला रेशनचा गहू हे याचे मूळ असावे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तो गहू बंद केल्यावर काहींना पाच-सहा आठवड्यांत पुन्हा केस येऊ लागल्याचे त्यांनी नमूद केले. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर परिसरातील काही जमिनींत सेलेनियमचे प्रमाण मुळातच अधिक आहे, हे कृषिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

सेलेनियम शरीराला आवश्यकच असते, मात्र अत्यल्प प्रमाणात. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरेसे होते. ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक सेवन सातत्याने होत राहिल्यास केस व नखे गळू लागतात. केस ज्या केराटिन प्रथिनाचे बनलेले असतात, त्यातील गंधकाची जागा सेलेनियम घेते आणि केस ठिसूळ होतो. अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप पूरक आहारात चुकून प्रमाणाबाहेर सेलेनियम मिसळले गेले व २०१ जणांना विषबाधा झाली. त्यांतील बहुतेकांचे केस गळले होते. ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांमध्येही सेलेनियम असते. त्यामुळे अशा दोन-तीन गोळ्या एकाच वेळी घेणे धोक्याचे ठरू शकते.

अर्थात, प्रत्येक केसगळतीमागे विषबाधा नसते. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतील ५० ते १०० रोज गळणे स्वाभाविक आहे. केस दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक उपासाने वजन घटविणे अशा आघातानंतर असंख्य केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी ते झपाट्याने गळतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. लोहाची कमतरता व थायरॉईडचे विकार हीदेखील कारणे असू शकतात. त्यांचे निदान साध्या रक्ततपासणीने होते.

पुरुषांमध्ये कपाळाच्या कडा मागे सरकणे व स्त्रियांमध्ये भांग रुंदावणे हे बहुधा आनुवंशिक असते. यावर मिनोक्सिडिल हे लावण्याचे औषध उपयोगी पडते. मात्र त्याचा परिणाम दिसण्यास चार ते सहा महिने लागतात. सुरुवातीला गळती थोडी वाढतेही आणि औषध थांबविल्यास लाभ ओसरतो. पुरुषांना फिनास्टेराइडची गोळी दिली जाते. तिचे दुष्परिणाम डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावेत. गर्भवतींना ती पूर्णपणे निषिद्ध आहे. केसरोपणात डोक्याच्या मागील भागातील मुळे पुढे लावली जातात. नवे केस त्यातून निर्माण होत नाहीत.

‘चाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारात केसांचे गोल पुंजके नाहीसे होतात. येथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. स्टिरॉइडची इंजेक्शने यावर प्रभावी ठरतात. तीव्र रुग्णांसाठी अमेरिकेत २०२२ साली बॅरिसिटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. चाई संसर्गजन्य नाही. त्यामुळे रुग्णापासून दूर राहण्याचे कारण नाही.

एकच लक्षण आणि इतकी भिन्न कारणे असल्याने एकाला लागू पडलेले तेल वा गोळी दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. केस पुंजक्याने वा अचानक गळणे, टाळूवर लाली, पू किंवा वेदना असणे, सोबत नखे ठिसूळ होणे, अथवा घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे, ही लक्षणे दिसताच त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे. बांबोळी येथील गोमेकॉच्या त्वचारोग विभागात ही सोय उपलब्ध आहे. जाताना गेल्या सहा महिन्यांतील आजार, औषधे, पूरक गोळ्या व आहारातील बदल यांची नोंद सोबत न्यावी. शेगावच्या गावांत उलगडा झाला तोही रुग्णाच्या ताटात काय आहे हे पाहिल्यानंतरच.