गावाच्या गळ्यासाठी रचलेली गाणी

तुकडोजी महाराजांकडे पाहण्याची आपली रीत ठरून गेली आहे. राष्ट्रसंत, ग्रामगीतेचे कर्ते, गाडगेबाबांच्या बरोबरीने घेतले जाणारे नाव, 2005 पासून नागपूर विद्यापीठाच्या नावातही असलेले. त्यांच्या जीवनाचा आढावा घेताना भजन मात्र उपदेशाची सोय म्हणून उरकले जाते. सांगायचे होते समाजसुधारणेचे, ते गाऊन सांगितले, इतकेच. हा क्रम उलटा लावून पाहायला हवा. तुकडोजींची कारकीर्द ही आधी एका गीतकार-गायकाची कारकीर्द आहे. स्वतः लिहायचे, स्वतः वाजवायचे, स्वतः गायचे आणि गाता गाता लोकांच्या गळ्यात उतरवायचे, हे काम त्यांनी चार दशके केले. संस्था, ग्रंथ आणि चळवळ त्या गाण्याच्या मागून आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यासारख्या कापसाच्या तालुक्यातून पाहिले की ही गोष्ट अधिक ठळक दिसते. ग्रामगीता घरात असली तरी कपाटात राहते. भजन मात्र पाठ असते.

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म 1909 सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. शाळा जेमतेम प्राथमिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडून गुरुकृपा आणि ‘तुकड्या’ हे नाव मिळाले, आणि ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा पुढे त्यांच्या भजनांच्या शेवटच्या कडव्यात कायम राहिली. 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. 1936 मध्ये गांधीजींच्या सहवासात ते सेवाग्रामला राहिले. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर आणि आष्टीला उठाव झाला आणि त्याच महिन्यात तुकडोजींना अटक होऊन त्यांची रवानगी तुरुंगात झाली. इंग्रज सरकारला एका भजन गाणाऱ्याची धास्ती वाटली, ही त्या गाण्याला मिळालेली पहिली मोठी पावती म्हणायची. 1955 मध्ये ग्रामगीता आली आणि त्याच वर्षी जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला ते गेले. भूदानात त्यांनी भाग घेतला, 1965 च्या युद्धात सीमेवर जाऊन जवानांपुढे गायले आणि 11 ऑक्टोबर 1968 रोजी देह ठेवला. या सगळ्या टप्प्यांत मंच बदलले, प्रसंग बदलले, हातातली खंजिरी तीच राहिली.

खंजिरीची निवड साधी वाटते, पण तिच्यात मोठी समज आहे. लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले चामडे, कडेत बसवलेल्या छोट्या झांजा. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने थाप द्यायची. वीणेसारखे सूर जुळवणे नाही, पेटीसारखा खर्च नाही, साथीदाराची वाट पाहणे नाही. गाणारा स्वतःच स्वतःची साथ करतो, उभ्यानेही गातो, चालतानाही गातो. चालींच्या बाबतीतही तेच धोरण. त्यांच्या भजनसंग्रहांत भजनाच्या माथ्यावर तर्ज छापलेली दिसते. लोकांच्या कानावर आधीच रुळलेल्या एखाद्या गाण्याची ती खूण. नवी चाल शिकवण्यात पहिली बैठक वाया घालवायची नाही, ओळखीच्या सुरावर नवे शब्द बसवायचे आणि पहिल्याच रात्री गाव गाऊ लागले पाहिजे. शब्दांची घडण याच हिशेबाने झाली आहे. ध्रुवपद आखूड, प्रत्येक ओळीचा अर्थ त्या ओळीतच पुरा, आणि अंतरा अशा ठिकाणी संपतो की मागे बसलेल्या मंडळींना न सांगता ध्रुवपद उचलता यावे.

हिंदी भजनांचा प्रश्नही याच अंगाने सुटतो. मराठी संताने इतके हिंदीत का लिहावे, असे पुष्कळांना वाटते, आणि राष्ट्रीय होण्याची आकांक्षा हे उत्तर चटकन दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या काळी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. नागपूर, रायपूर, जबलपूर एकाच कारभाराखाली होते. शिवाय गावपातळीवर पाहा. केळापूर म्हणजे पांढरकवड्याच्याच तालुक्यात मराठीबरोबर गोंडी आणि कोलामी आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे, उर्दू आहे, आणि पैनगंगेपलीकडे तेलंगणाची हद्द असल्याने तेलुगूही बाजारात ऐकू येते. इथली पोथीतली मराठी सगळ्यांच्या तोंडी बसत नाही. मोडकी का होईना, हिंदी मात्र बाजारामुळे सगळ्यांना येते. तुकडोजींची हिंदी व्याकरणशुद्धतेच्या कसोटीला उतरेलच असे नाही. पण ती बाजाराच्या दिवशी भेटणाऱ्या माणसांची हिंदी आहे आणि म्हणूनच चालली.

त्यांच्याच काळात अमेरिकेत वूडी गथ्री हा गायक होऊन गेला: जन्म 1912, मृत्यू 1967. ओक्लाहोमाचा. धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या शेतकऱ्यांची, कामाच्या शोधात निघालेल्या मजुरांची गाणी त्याने लिहिली. त्याची भजनी गाण्यांच्या चालींवर शब्द बसवण्याची पद्धतही तुकडोजींच्या जवळची. 1940 साली त्याने लिहिलेले देशभूमीवरचे गाणे अशाच एका जुन्या धार्मिक चालीवर उभे आहे. फरक आहे तो गाणे टिकण्याच्या वाटेत. गथ्रीला 1940 मध्येच लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने ध्वनिमुद्रित करून ठेवले, तबकड्या निघाल्या, पुढच्या गायकांनी त्या ऐकून शिकून घेतल्या. तुकडोजींच्या गाण्याला मुख्य आधार मिळाला तो माणसांचा. त्यांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा, सकाळचे सामुदायिक ध्यान, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना, गुरुकुंजाचे मुद्रणालय आणि मासिक, आजही होणाऱ्या खंजिरी भजन स्पर्धा. गाडगेबाबांशी तुलना केली तर हा मुद्दा पक्का होतो. बाबांचे कीर्तन समोरच्या श्रोत्याला प्रश्न विचारत घडायचे. ते बाबांशिवाय उभे राहणे अवघड. 1956 साली बाबा गेले आणि त्यांचे काम राहिले, आठवणी राहिल्या, पण ते कीर्तन गेले. तुकडोजी 1968 मध्ये गेले, तरी त्यांचे भजन त्यांच्यावाचून चालू शकले, कारण ते मुळातच दुसऱ्याने गावे म्हणून रचलेले होते.

यावर पहिला आक्षेप वाङ्मयीन आहे. या रचनांत काव्य किती आणि प्रचार किती? प्रतिमा थोड्या, तेच विषय पुन्हा पुन्हा: व्यसन, अस्वच्छता, जातिभेद, बुवाबाजी, कष्टाची प्रतिष्ठा. हजारोंनी लिहिणाऱ्याच्या हातून पुनरुक्ती झाली हे मान्य करायलाच हवे. त्यांच्या सगळ्याच रचना सारख्या तोलाच्या नाहीत. पण एकांतात वाचायच्या कवितेचे माप समूहाने गायच्या पदाला लावणे चुकीचे आहे. गर्दीत गाताना गुंतागुंतीची प्रतिमा निसटते, सरळ ओळ पोचते. देवाला नवस बोलणाऱ्या माणसाला त्याच्याच बोलीत चिमटा काढणे आणि त्यालाच ती ओळ आनंदाने गायला लावणे, हे हलके कौशल्य नव्हे. बोचरी गोष्ट श्रोत्याच्या तोंडूनच वदवून घेणारे कवी कोणत्याही भाषेत मोजकेच असतात.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो यवतमाळ जिल्ह्यात तरी टाळता येत नाही. गाव सुधारा, व्यसन सोडा, एकोप्याने राहा असे गाणारी परंपरा ज्या मुलखात सर्वांत घट्ट, तिथेच शेतकरी आत्महत्यांचा कहर झाला. 2006 मध्ये पंतप्रधानांना विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. मग या भजनांनी काय साधले? दोष गावाच्या वागण्यात शोधणाऱ्या गाण्याने बाजार, कर्ज आणि धोरण यांच्याकडे डोळेझाक करायला शिकवले का? आक्षेपात तथ्य आहे. तुकडोजींचा भर गावाच्या आतल्या शक्तीवर होता. कापसाचा भाव गावाबाहेर ठरतो या वास्तवाला भिडणारे गाणे त्यांच्या मुख्य प्रवाहात नाही. आंबेडकरी चळवळीचे लोकशाहीर वामनदादा कर्डक यांच्या गाण्यात अन्यायाविरुद्धचा जो थेट संताप आहे, तो इथे शोधू नये. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. ज्या शेती-व्यवस्थेत हे संकट उभे राहिले ती त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ बदलली. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी 1972 ची, तिचे उठणे आणि मोडणे नंतरचे. आणि गाणे भाव ठरवत नाही, माणसे एकत्र बसवते. रोज सायंकाळी जातपात न पाहता एका सतरंजीवर बसण्याची सवय ज्या गावाला आहे, तिथे संकटात एकमेकांच्या दारी जायला वाट असते. त्या वाटेचा उपयोग राजकारणाने आणि शेतकरी संघटनांनी किती करून घेतला, हा हिशेब गीतकाराच्या नावावर मांडता येणार नाही.

हे पटले तर पुढचे कामही स्पष्ट होते. ग्रामगीतेवर प्रवचने आणि प्रबंध पुष्कळ झाले; भजनांची कालक्रमाने लावलेली, पाठभेद देणारी, चालींसह छापलेली आवृत्ती ही आजची गरज आहे. पुस्तकात तर्जेची ओळ शाबूत आहे, पण ज्या गाण्याकडे ती बोट दाखवते ते नव्या वाचकाला ठाऊक असेलच असे नाही, आणि ती चाल नेमकी म्हणून दाखवणारे जुने भजनी आता वयाने थकले आहेत. त्यांच्याकडून ती उतरवून घेणे विद्यापीठांच्या मराठी आणि संगीत विभागांना अजून जमण्यासारखे आहे. तुकडोजींचे नाव विद्यापीठाला मिळाले. त्यांच्या गाण्याला अभ्यासक्रमात गीतकार म्हणून जागा मिळाली, तर त्या नामकरणाला काही अर्थ येईल.