टीव्हीवरच्या जुन्या लढती आणि डोक्याचा मार

रात्रीची जेवणे आटोपली की खेळांच्या वाहिन्यांवर पुष्कळदा मिश्र युद्धकलेच्या, म्हणजे ‘एमएमए’च्या जुन्या लढती लागतात. बॉक्सिंगचे ठोसे, कराटेच्या लाथा, कुस्तीची पकड आणि गळा आवळण्याचे डाव, सारे एकाच आखाड्यात. पोरे डोळे विस्फारून पाहतात आणि दुसऱ्या दिवशी अंगणात तेच करून बघतात. “डॉक्टरसाहेब, हे खरे असते का हो?” असे पालक विचारतात. उघड्या अंगाचे राक्षसी मल्ल एकमेकांना खुर्च्यांनी मारतात ती ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ ही आधी ठरवून केलेली करमणूक आहे. एमएमए मात्र खरे. मार खरा, बेशुद्धीही खरी. म्हणूनच या जुन्या लढती डॉक्टरच्या नजरेने कशा पाहाव्यात, ते आज सांगतो.

या प्रकारातली ‘यूएफसी’ची पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात झाली. ३० सप्टेंबरच्या पहाटेचा भूकंप होऊन तेव्हा आपल्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. किल्लारीकर पत्र्याखाली दिवस काढत होते, टीव्ही कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्यामुळे ती स्पर्धा आपल्यापैकी ज्यांनी पाहिली, त्यांनी ती पुढे कधीतरीच पाहिली.

तिथे वजनाचे गट नव्हते. पहिल्याच लढतीत हॉलंडचा जेरार्ड गोर्डो आणि त्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा सुमो मल्ल टेला टुली समोरासमोर आले. टुली खाली पडताच गोर्डोने त्याच्या तोंडावर लाथ घातली. दात उडाला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत लढत थांबली. उडालेला दात सगळ्यांना दिसला. पण दाताचे तुकडे गोर्डोच्या पायात रुतले होते, आणि तसाच तो त्या रात्री पुढच्या लढती खेळला, हे थोड्यांना ठाऊक असते.

यातून घरी उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी घ्याव्यात. कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता दात वरच्या बाजूने धरावा, दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. दात पुन्हा बसण्याची आशा असते. आणि भांडणात दुसऱ्याचा दात लागून मुठीला जखम झाली, तर ती कितीही लहान दिसो, हळद भरून घरी बसू नये. माणसाच्या तोंडातले जंतू बोटाच्या सांध्यात शिरले तर बोट कायमचे आखडू शकते.

आता मुख्य मुद्दा. पाहणाऱ्याचे लक्ष रक्ताकडे जाते. भुवईवर फाटले की चेहरा लाल होतो, पण चार टाके घातले की काम झाले. खरा धोका ज्या ठोशाने रक्ताचा थेंबही येत नाही त्यात असतो. मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, लोण्यासारखा मऊ, कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते. कवटी थांबते, मेंदू मात्र आत हिंदकळतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. माणूस ताठच्या ताठ कोसळतो तो यामुळे. यालाच मेंदूला हादरा बसणे म्हणतात. हादऱ्यात दर वेळी शुद्ध जातेच असे नाही, आणि सीटी स्कॅनमध्येही बहुधा काही दिसत नाही. हातमोज्यांवरही भिस्त ठेवू नये. ते मारणाऱ्याची बोटे वाचवतात, मार खाणाऱ्याचा मेंदू नव्हे.

जिंकणाराही सुटत नाही. १९९६ साली गॅरी गुडरिज या धिप्पाड लढवय्याने प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर जखडून कोपराच्या घावांनी काही सेकंदांत बेशुद्ध केले. ती चित्रफीत आजही फिरते. पुढे वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेल्या याच गुडरिजला स्मृतिभ्रंशाने गाठले, आणि हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. वैद्यकाला हे नवे नाही. अमेरिकेतील डॉ. मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या अशा अवस्थेवर १९२८ सालीच लिहून ठेवले होते.

सन १९९७ पासून नियम बदलत गेले. वजनाचे गट आले, डोक्याच्या मागच्या बाजूला मारणे आणि खाली पडलेल्याच्या डोक्यात लाथ घालणे बंद झाले. बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला साधारण महिना-दोन महिने सक्तीने लढतीपासून दूर ठेवतात.

हार मानणे हाही या खेळाचा भाग आहे. ११ मार्च २०१२ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात ‘सुपर फाइट लीग’ची पहिली स्पर्धा झाली. अवाढव्य बॉब सॅप जेम्स थॉम्पसनपुढे उभा होता. पाय दुखावताच त्याने थाप मारून हार पत्करली. २०१७ साली यूएफसीत उतरलेला आपला भरत खंडारे शांघायला गळ्याच्या पकडीत सापडला आणि पहिल्याच फेरीत हरला. अशा पकडीत मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. तिथे थाप पडताच सोडवायला पंच असतो आणि बाजूला डॉक्टर बसलेला असतो. अंगणात दोघेही नसतात. म्हणून गळा आवळण्याचा खेळ मुलांना निक्षून बंद करावा.

आपली कुस्ती यापेक्षा सुरक्षित म्हणावी लागेल. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी जे नाव कमावले, ते पाठ टेकवून, डोके फोडून नव्हे. तरी मातीतही डोक्यावर डोके आपटते. कबड्डीत आपटते. मोटारसायकलवरून पडल्यावर तर आपटतेच.

दोन वर्षांपूर्वी एका वाडीवरचा सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला. दुपारी कबड्डीत कानशिलाला मार लागून मिनिटभर भान हरपले होते. तोंडावर पाणी मारले, उठला, पुन्हा खेळला. “तो तर चालत घरी आला हो,” असे वडील सांगत होते. संध्याकाळी दोन उलट्या झाल्या आणि तो झोपेतून धड उठेना. तडक लातूरला पाठवला. कवटीच्या आत रक्त साचले होते. रात्रीतच शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा वाचला. कानशिलाचे हाड पातळ असते, त्याच्या आतली रक्तवाहिनी फुटली तर मधले काही तास रोगी अगदी बरा वाटतो आणि मग एकाएकी खालावतो.

तेव्हा वाचकहो, डोक्याला मार लागून शुद्ध गेली, गोंधळ झाला किंवा चक्कर आली, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, चप्पल वा कांदा हुंगवत वेळ दवडू नये. मान वेडीवाकडी न हलवता डॉक्टरांकडे न्यावे. घरी पाठवले तरी चोवीस तास कोणीतरी जवळ राहावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने देऊ नये.

डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, झटका, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून जिथे सीटी स्कॅन आहे ते रुग्णालय गाठावे. म्हातारी माणसे, दारू पिणारे आणि रक्त पातळ करण्याची गोळी घेणारे यांच्यात रक्त हळूहळू साचते. मार विसरल्यावर, काही आठवड्यांनी लक्षणे दिसतात. आजोबा अलीकडे विसरायला लागले, चालताना तोल जातो, असे वाटले तर मागे कधी पडले होते का, हे जरूर आठवून डॉक्टरांना सांगावे.

हादरा बसलेल्या खेळाडूला पहिले एक-दोन दिवस विश्रांती द्यावी आणि टीव्ही-मोबाइल कमी करावा. मग हळूहळू चालणे, पळणे, आणि सर्व त्रास थांबल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लढत. तालमीच्या वस्तादांनी आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झाले. यात्रेचा फड तोंडावर आला असला, तरीही तो मोडू नये.