जुनी जीप: जीर्णोद्धार आणि फेरफार

भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांमधून आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळींवरून जाणाऱ्या पाऊलवाटा पावसाळ्यात चिखलात बुडत असल्यामुळे, चारही चाकांना जोर पोहोचवणाऱ्या जीपची उपयुक्तता येथे वेगळी सांगावी लागत नाही. मात्र तोच ओला चिखल चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, कोनाकोपऱ्यांत साचून राहत असल्याने घराशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये चालणाऱ्या दुरुस्तीचा आरंभ इंजिनापासून न होता गंजापासून होतो. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करणे, त्यावर रेड ऑक्साईडचा थर देणे, कमान पाट्यांचे झिजलेले बुश बदलणे आणि ट्रान्सफर केसची, अर्थात इंजिनाचा जोर पुढच्या व मागच्या आसांत वाटून देणाऱ्या पेटीची, तेलगळती थांबवणे ही कामे रंगकामापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतात.

या कामात जीर्णोद्धार आणि फेरफार यांची गल्लत सहज होते. विलीज कंपनीने 1953 मध्ये आणलेल्या आणि पुढे महिंद्रने भारतात तयार केलेल्या सीजे-3बी जीपचे बोनेट उंच आहे, कारण तिच्या ‘एफ-हेड’ पेट्रोल इंजिनात हवा-इंधन आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये असून त्यामुळे इंजिनाची उंची वाढते. अशा गाडीत महिंद्रच्याच नंतरच्या जीपमधील प्यूजो रचनेचे 2.1 लिटरचे डिझेल इंजिन बसवले, तर इंधनाचा खर्च घटतो, पण त्या उंच बोनेटला कारणच उरत नाही. मोठे टायर बसवल्यास जमिनीपासूनची उंची वाढते खरी. तथापि चाकावर मिळणारा जोर कमी होतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि जुन्या ड्रम ब्रेकवर, जे पाण्यात भिजले की आधीच ढिले पडतात, ताण वाढतो.

कायदाही हाच भेद करतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. इंधनाचा प्रकार बदलेल असा इंजिनातील फेरफार विहित अटी पाळून परवानगीनेच करावा लागतो. याउलट 2021 च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला असून, त्यासाठीचे नवे नोंदणी शुल्क 20,000 रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे बांधीपर्यंत जाण्यासाठी जीप हवी असलेल्या शेतकऱ्याला या दर्जाचा उपयोग नाही. प्रदर्शन, रॅली आणि देखभाल यांसाठी, तसेच पेट्रोल भरण्यासाठी मात्र ती बाहेर काढता येते.