पन्नास वर्षांनी उघडलेली जखम

1740 साली जॉर्ज अॅन्सनचा आरमारी ताफा इंग्लंडहून निघाला. पुढच्या वर्षी, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालताना, खलाशांना स्कर्व्ही या रोगानं गाठलं. ‘सेंच्युरियन’ या जहाजावर एक म्हातारा सैनिक होता. 1690 सालच्या बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा केव्हाच भरून आल्या होत्या. पन्नास वर्षांनी, भर समुद्रात, त्या आपोआप उघडल्या. जणू कधी भरल्याच नव्हत्या! रिचर्ड वॉल्टर या पाद्र्याच्या नावानं निघालेल्या सफरीच्या वृत्तांतात ही नोंद आहे.

जुन्या जखमेवरची खपली काढणं आपण बोलण्यात ऐकतो. इथे तर खपली पडूनही अर्धशतक लोटलं होतं. मग उघडलं काय?

विळीवर बोट कापलं, की रक्तवाहिनीच्या भिंतीमागचा कोलॅजन उघडा पडतो. कोलॅजन म्हणजे त्वचेला बळकटी देणारं, धाग्यासारखं प्रथिन. एरवी रक्ताला तो दिसतच नाही. रक्ताच्या एका थेंबात लाखो प्लेटलेट वाहत असतात. त्यांना कोलॅजन लागला, की त्या तिथेच चिकटतात आणि इतरांना हाका मारतात. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू होतात, त्यांचं जाळं विणलं जातं, रक्तपेशी त्यात अडकतात. वाळल्यावर तीच खपली.

काही तासांत जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात. पू म्हणजे बराचसा त्यांच्याच प्रेतांचा खच. मागून येणाऱ्या मॅक्रोफेज पेशी हा कचरा गिळतात आणि बांधकामाला माणसं बोलावतात.

दरम्यान कडेच्या त्वचेच्या पेशी शेजारणींचा हात सोडून चक्क सरपटू लागतात. कोरड्या खपलीखालून त्यांना वाट पोखरावी लागते. 1962 साली जॉर्ज विंटरनं डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर त्वचा जवळपास दुप्पट वेगानं चढते. ‘उघडी ठेव, वाळू दे’ असं लहानपणी बजावणाऱ्या सगळ्या थोरांची क्षमा मागून हे लिहितोय.

खाली फायब्रोब्लास्ट पेशी नवा कोलॅजन विणतात, पण तो घाईचा रफू असतो. धडधाकट त्वचेत धागे टोपलीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, तर व्रणात बरेचसे एकाच दिशेला पडलेले. तीन आठवड्यांनी या जागेची ताकद मूळ त्वचेच्या पाचव्या हिश्शाइतकी असते. काही महिन्यांनी ती फार तर ऐंशी टक्क्यांवर पोचते आणि तिथेच थांबते.

थांबत नाही ते विणकाम. व्रणातला जुना कोलॅजन सतत उसवला जातो आणि नवा घातला जातो. नव्या धाग्याला पक्का पीळ बसायला क जीवनसत्त्व लागतं. महिनोन् महिने बिस्किटं आणि खारवलेलं मांस खाणाऱ्या त्या सैनिकाच्या अंगात ते संपलं; स्कर्व्ही म्हणतात ती हीच. उसवणं चालू राहिलं, विणणं बंद पडलं. म्हणजे त्या व्रणाची डागडुजी पन्नास वर्षं अखंड चालू होती, त्याला पत्ताही न लागता.

अॅन्सन परतल्यावर तीन वर्षांनी, 1747 साली, जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्हीच्या बारा रुग्णांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. त्यातल्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिलं. सहा दिवसांत एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला.